जपलेला डबा

डबा नापास झाला. असो. ते अजून घडलंच नाही, असं धरून चालू. कारण आत्ता ट्रक रोलरवर जागच्या जागी धावतोय, स्टिअरिंगला भावोजी बसलेत आणि मागच्या नळीतून नावालाही धूर निघत नाहीये.

भावोजी या प्रयोगशाळेचे चाचणी-चालक. धुराच्या नळीला बसवलेला डबा त्यांच्या बायकोने बनवलेला. ती इथली रसायनतज्ज्ञ, सगळ्यांची ताई; म्हणून हे आपसूक सगळ्यांचे भावोजी. डब्यात प्लॅटिनमचा मुलामा, धुरातली घाण जाळायला. आज परीक्षक बाई हो म्हणाल्या तर डबा कारखान्यात, नाहीतर ताईची वर्षानुवर्षांची मेहनत भंगारात. म्हणून डबा बसवल्यापासून महिनाभर भावोजी ट्रक असा चालवत होते, जणू मागे तान्हं बाळ झोपलंय.

परीक्षक बाईंनी जांभई दिली. "याहून जोरात आमची आत्या चालते, तीही गुडघा बदलल्यावर. दाबा की जरा!"

भावोजींनी बायकोकडे पाहिलं. तिने खुशाल होकाराची मान हलवली. भावोजींनी महिन्यात पहिल्यांदाच उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबला.

डबा तापला. मागून पांढऱ्या धुराचा असा लोट सुटला की परीक्षक बाई आधी कमरेपर्यंत, मग चष्म्यापर्यंत दिसेनाशा झाल्या. खोकला तेवढा जागेवर राहिला.

"हे काय आहे?" खोकल्याने विचारलं.

"गंधकाम्ल," ताईचा आवाज आला. "डिझेलमधलं गंधक. तापलेलं प्लॅटिनम त्यालाही ऑक्सिजन चिकटवतं, पुढे वाफ भेटली की आम्ल. पण एवढं निघायला नको! अधूनमधून गाडी पळवली की थोडंथोडं निघून जातं. सदा हळू चालवली, तरच आत साठत राहतं."

धूर विरला. सगळे एकाच माणसाकडे बघत होते.

"तुझा डबा म्हणून जपला गं," भावोजी म्हणाले.

"जपलास? अरे, तुझ्या आईकडून तरी शिकायचंस! त्या रोज थोडं बोलून मोकळ्या होतात, म्हणून घर टिकलंय!"

परीक्षक बाईंनी 'नापास' असा शेरा मारला आणि चष्मा पुसत निघून गेल्या. ताई डबा सोडवायला बसली. भावोजींनी तिला पाना दिला, तो तिने घेतला नाही. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि परीक्षण मंडळाच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. त्याची शेवटची ओळ:

"सबब, डब्यास उत्तीर्ण व अर्जदाराच्या उजव्या पायास अनुत्तीर्ण घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती."