समुद्र कुणाचाच नाही

"येणारं शतक प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं हाय. राजे गेले, मंत्री जातील, प्रोग्राम ऱ्हाईल," असं हंबीरराव उभं राहून म्हणाले आणि लाईट गेली.

पंखा थांबला. हंबीरराव बसले. कोल्हापुरातल्या लॉजच्या हॉलमध्ये जमलेल्या दहा-बारा जणांनी निमंत्रणपत्रिकेनं वारा घ्यायला सुरुवात केली. पत्रिकेवर लाल अक्षरांत छापलं होतं, 'दुधात साखर'.

साल १९८८. कोल्हापूर जिल्ह्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारे मोजून पन्नास, आणि त्यांची संमेलनं दोन. साखर कारखान्यांतल्यांचं एक, दूध संघांतल्यांचं दुसरं. साखरवाल्यांचे पुढारी शमशुद्दीन मास्तर, दूधवाल्यांचे हंबीरराव. आज दोन्ही संमेलनं एक करायच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या.

साखरवाले पन्हाळ्याला जमायचे, दूधवाले नृसिंहवाडीला. एकानं दुसऱ्याच्या जागी जायचं म्हणजे हार. म्हणून पहिल्या एकत्र संमेलनासाठी वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर नवीनच बांधलेलं सभागृह ठरलं.

"समुद्र कुणाचाच न्हाय," हंबीरराव म्हणाले होते.

"खाऱ्या वाऱ्यानं मशीन गंजंल," एक साखरवाला म्हणाला.

"गंजू दे. माणसं चार वर्सं गंजल्यात."

आता फक्त सह्या राहिल्या होत्या. मास्तरांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावून खिशाला अडकवलं.

"हंबीरराव, जरा गॅलरीत येता? चहा घिऊ."

"जुनं काय काढणार नसला तर येतो," हंबीरराव म्हणाले. पण उठले. उठताना मांडीवरचं भाकरीचं फडकं बगलेत मारलं. दुपारचं जेवण समोरच्या खानावळीत ठरलेलं होतं, मटणाचं. तरी हंबीररावांनी घरनं भाकरी आणली होती. सकाळपासून ती त्यांनी खाली ठेवलेली नव्हती.

जुनं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी संमेलन एकच होतं, पन्हाळ्यावर. मास्तरांनी वर्षभर खपून एक प्रोग्राम लिहिला होता. कुठली गाडी कुठल्या गावाला कधी सोडायची, हे मशीनच सांगायचं. उसाच्या गाड्या असोत नाहीतर दुधाच्या. असला प्रोग्राम जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि तो ठेवलेल्या फ्लॉपीची दुसरी प्रतही नव्हती. मास्तरांनी त्याला परवलीचा शब्द घातला होता. तो टाकल्याशिवाय प्रोग्राम उघडायचा नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर संमेलनात, फ्लॉपी मिळेना. मास्तरांच्या खोलीत हंबीरराव झोपले होते. मास्तरांनी सगळ्यांदेखत त्यांची पिशवी पालथी करायला लावली. दाढीचं सामान, एक धोतर, आणि फडक्यात बांधलेली भाकरी. भाकरीची गाठ कुणी सोडली नाही. दुसऱ्याच्या शिदोरीला हात लावायची आपल्याकडं रीत नाही.

"चोर म्हटलासा, बास झालं," एवढंच म्हणून हंबीरराव गड उतरले. मागोमाग सगळे दूधवाले उतरले.

यंदा खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा मांडायला जुनं गाठोडं काढलं. त्यात सुपारी आणि हळकुंडांखाली एक फ्लॉपी निघाली. हळदीकुंकवानं माखलेली, वरचा कागद पुसलेला. मशीनला ती वाचता येईना. त्या वर्षी हत्यारांसोबत एक फ्लॉपी पूजेला आपण स्वतःच ठेवली होती, ते मास्तरांना आठवलं. तीच उचलायची राहिली असणार. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

गॅलरीत चहा आला. मास्तरांनी कपाला हात लावला नाही.

"दूध संघाच्या गाड्या अजून कशा सोडता, हंबीरराव?"

"फळ्यावर. खडूनं."

मास्तरांनी मान खाली घातली. "तेच म्हणतो मी. चोरली असती तर चार वर्सं खडू झिजवला असता व्हय तुमी? एवढं साधं माझ्या टकुऱ्यात आलं न्हाय."

"मास्तर, म्हटलं न्हवं, जुनं..."

"ऐका. फ्लॉपी कारखान्यातच हुती. पूजेच्या गाठोड्यात. मीच ठेवलेली. पन्नास माणसांत तुमची पिशवी पालथी केली मी. आता वेंगुर्ल्यात त्याच पन्नास माणसांत माफी मागणार हाय. त्याबिगर माझी सही व्हायची न्हाय."

हंबीररावांनी चहा बशीत ओतला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्याची काय गरज न्हाय, मास्तर."

"हाय."

"माणसांत नगं."

"चोर माणसांत म्हटलं, मग माफी कोपऱ्यात कशी मागू?" मास्तरांनी पुढं वाकून हंबीररावांचे दोन्ही हात धरले. "ह्या हातांवर मी आळ घातला. पोरंबाळं हाईत तुमास्नी. काय तोंडानं गेला असशीला त्या दिवशी घरला."

हंबीररावांनी हात सोडवून घेतले. आत लाईट आली. पंखा सुरू झाल्याचा आवाज झाला, कुणीतरी टाळ्या पिटल्या आणि हाक मारली, "सह्या करा की हो, मटण थंड व्हाया लागलंय."

मग हंबीररावांनी बगलेतलं फडकं मांडीवर घेतलं. गाठ सोडली. वरची भाकरी उचलली. खाली एक काळी फ्लॉपी होती. तिच्यावरच्या कागदावर मास्तरांचं वळणदार अक्षर होतं, चार वर्षांनीही स्वच्छ.

"घरच्या सगळ्यांची नावं टाकून बघितली, मास्तर," हंबीरराव मान वर न करता म्हणाले. "तुमच्या बी आणि आमच्या बी. तेवढा परवलीचा शब्द सांगा की."