काढ्याचं मडकं

गुईफेनच्या नातीला आणि वरच्या मजल्यावरच्या फांगलानच्या नातवाला मूत्रपिंडाचा एकच आजार, इस्पितळाच्या त्याच गोळ्या, वैद्याचा तोच काढा. काढ्याचं मडकंसुद्धा फांगलानचंच, मागून आणलेलं. तरी तिचा नातू अंगणात हुंदडू लागला आणि हिची नात सुजलेलीच. पोराचं हसणं ऐकलं की गुईफेनचा जळफळाट होई. औषधाचं मडकं आपण होऊन परत द्यायचं नसतं, सोबत आजारही त्या घरी जातो, असं त्यांच्यात मानत. लागेल तेव्हा मालकीणच नेते. एके सकाळी मुद्दाम तेच उचलून ती जिना चढू लागली. वाटेत फांगलानच उतरताना भेटली. "ताई, मडकं न्यायलाच येत होते. पोराचे डोळे पुन्हा सुजलेत गं." गुईफेनने मडकं छातीशी धरलं. "हे नको. तुला नवं आणते." "अगं बाई, जुन्या मडक्यात एवढा जीव अडकलाय?" फांगलान म्हणाली. गुईफेनने मान खाली घातली, पण मडकं सोडलं नाही.