चंद्रावरचा रुमाल

"चंद्राचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?" सांगलीचे हळदीचे बडे व्यापारी मगदूमशेठ विचारत होते.

"कुणाच्याच नाही," चारुता म्हणाली. तिच्या कंपनीचं बिनमाणसांचं छोटं यान अर्धवट तयार होतं आणि पैसे मिळण्याची आशा आता फक्त इथंच होती. चंद्राच्या ध्रुवाजवळचा बर्फ काढायचा, त्याचं इंधन करायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना विकायचं, हे सगळं सांगून झालं होतं. शेठ ढिम्म.

"मालकच नाही, तर घाई कशाला?"

चारुतानं पर्समधला रुमाल काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टाकला. "स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून टाकतो ना, तसं. बर्फाच्या जागा मोजक्याच आहेत, शेठ. आधी पोचेल तो धरणार."

शेठ खदखदून हसले. जमलं, असं चारुताला वाटलं.

शेठ उठले. रुमाल उचलून त्यांनी तिच्या हातात दिला आणि स्वतः त्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"असे कैक रुमाल मी बाजूला सारलेत, पोरी. पैसे देतो, पण रुमालाला नाही. तिथं माणूस बसवणार असशील, तर बोल."