लेकीच्या नावानं

गणिताच्या बाईंनी ऑनलाइन वर्गासाठी डिजिटल फळा, पेन, माइक, सगळं पारखून घेतलं होतं. तरी निम्मी मुलं शेजारच्या सरांच्या वर्गात पळाली. बाईंचा नुसता जळफळाट झाला. “असं कोणतं यंत्र आणलंय मेल्यानं?” म्हणत त्या कॅमेरा बंद ठेवून, लेकीच्या नावानं तिथे शिरल्या. बघतात तर काय, सर स्टुलाखाली सुतळीनं मोबाइल बांधत होते. खाली साधा कागद ठेवला, की झाला फळा! बाईंनी नाक मुरडलं. सरांनी गणित घातलं, “कोण सोडवेल?” सगळा वर्ग गप्प. बाईंना असली शांतता कधी सोसलीय? त्यांनी रीतीसकट उत्तर लिहून धाडलं. सर खूश झाले. “शाब्बास बाळा! अगदी आईसारखं सोडवलंस. पण त्यांच्यासारखं शिकवणारं घरात असताना माझ्याकडे कशाला आलीस?” बाईंनी लॅपटॉप मिटला. आता त्यांना त्या माणसावर धड जळताही येईना.