कोपर आत

कोपर पुन्हा बाहेरच.

करिश्मानं मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवला, मागं नेला, पुन्हा लावला. चेंडू हातातून सुटायच्या नेमक्या वेळी तिचं उजवं कोपर अंगापासून दूर जात होतं आणि अंगही त्याच्या मागोमाग उजवीकडं कलत होतं. आजचा हा चाळिसावा चेंडू. पहिला आणि चाळिसावा, दोन्ही सारखेच वाकडे. तिला स्वतःचाच राग आला, पण राग धरायलाही अंगात त्राण नव्हतं.

पहाटे तीनला उठून ती मायबापाबरोबर तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होती. दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले, ते ठेकेदाराच्या खरेदीच्या फळीवर नेऊन दिले, आणि घरी येऊन पाणी प्यायल्याबरोबर चेंडू हातात घेतला. बोटं अजून पानांनी काळी होती.

सोमवारी गडचिरोलीला बास्केटबॉलची निवड होती. नाव लागलं तर नागपूरला खेळाच्या वसतिगृहात राहून बारावी करता येणार होतं. नाही लागलं तर घर होतंच, आणि पुढचा मे महिनाही असाच. मागच्या रविवारी निवड करणाऱ्या हर्षा मॅडमनी गडचिरोलीच्या मैदानावर तिच्याच मोबाइलनं तिचा व्हिडिओ काढला होता आणि सरळ सांगितलं होतं, "चेंडू पडते तुझा, ते दिसून राह्यलं मले. पण हात असाच राह्यला तं पुढं कोणी बी अडवंल. कोपर आत घे. सोमवारी असंच दिसलं तं मी नाव लिहिणार नाई."

मॅडमचं काही चुकलं नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं.

अंगणात बाजेवर तिची माय मंगली पाठ टेकून पडली होती. "काय पाहून राह्यली वं मघापासून? दाखव मले."

करिश्मानं मॅडमनी काढलेला व्हिडिओ तिच्यापुढं धरला. मंगलीला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिला हसू आलं.

"तू तं फांदी चुकवून राह्यली."

"कोणती फांदी? ते गडचिरोलीचं ग्राउंड हाये, माय. तिथी झाड कुठी हाये?"

"तेच तं सांगून राह्यली मी."

करिश्मानं मान वर केली. समोर अंगणातलं मोहाचं झाड. सहा वर्षांपूर्वी तिच्या बापानं, इसरूनं, सळई वाकवून केलेलं कडं त्याच्या खोडाला तारेनं बांधलं होतं. मोहाला खिळा मारू देईल ती मंगली कसली! कड्याच्या पुढ्यातच, डावीकडून, एक जाड फांदी आडवी आली होती. सरळ फेकलेला चेंडू फांदीला लागून थेट गोठ्यात जायचा. मग उजवीकडं कलून, कोपर बाहेर काढून, फांदीच्या बगलेतून चेंडू घालायला करिश्मा आपली आपण शिकली होती. गाव म्हणायचं, इसरूच्या पोरीचा नेम भारी.

इसरू पाय धूत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो घरात गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

मंगली ताडकन उठून बसली. मोहाला कुऱ्हाड लावायची नसते, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. तरी तिनं त्याला अडवलं नाही. तिनं फांदीकडं पाहिलं, मग पोरीकडं. इसरूनं खोडावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"ठेव ते, बाबा," करिश्मा म्हणाली. "ग्राउंडवर कुठी होती फांदी? तरी वाकलीच नं मी."

इसरूनं कुऱ्हाड खाली ठेवली. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"मंग कसं करतं?"

"मालूम नाई." तिनं मोबाइल बाजेवर टाकला. "सहा वर्षं चुकीचंच शिकली मी."

इसरू तिच्या कोपराकडं पाहत राहिला. नांगराला जुंपलेला नवा गोऱ्हा एका अंगाला ओढू लागला की इसरू स्वतः त्याच्या त्याच अंगाला चिकटून चालायचा. चार दिवसांत गोऱ्हा सरळ. तो पुढं झाला. झाडाच्या उजवीकडं बैलांची बंडी उभी असायची, ती त्यानं ढकलून बाजूला केली. तिथून कडं मोकळं दिसत होतं. करिश्माला तिथं उभं करून तो तिच्या उजव्या अंगाला अगदी खेटून उभा राहिला.

"फेक."

"लागंल तुले."

"लागू दे."

पहिल्या चेंडूला कोपर त्याच्या बरगडीत बसलं. दुसऱ्याला दंडावर. इसरू हुं की चूं करेना. चेंडू कड्यापर्यंतही पोचत नव्हते. सहा वर्षांत तिचा इतका वाईट नेम कुणी पाहिला नव्हता. मंगली बाजेवरून उठली आणि दर वेळी चेंडू आणून देऊ लागली. विसाव्या चेंडूला कोपर नुसतं सदऱ्याला घासून गेलं. पुढचा कड्याला लागून उडाला.

ऊन झाडांच्या मागं गेलं.

"आता लागलं का, बाबा?"

तिनं मान वळवली. इसरूचे डोळे मिटले होते, तोंड जरासं उघडं होतं. माणूस उभ्या उभ्या झोपला होता.

मंगलीनं ओठावर बोट ठेवलं आणि चेंडू हळूच पोरीच्या हातात दिला. करिश्मानं कोपर आत घेतलं, बापाची झोप मोडणार नाही इतकं आत, आणि चेंडू सोडला.