बाजूची नजर

"सरळ माझ्या नाकाकडे बघा, आणि बाजूनं बोट दिसलं की हात वर करा," सोनटक्के मॅडम म्हणाल्या. शनिवारी विशेष शिक्षणाच्या एम.एड.ला येणारे सगळे नोकरी करणारे शिक्षकच होते. मुलांची नजर कशी तपासायची, हे ते आज एकमेकांवर शिकत होते. हेमांगी टेकाळे हौसेनं पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. यंदा तिच्या वर्गात एक अंध मुलगी आली होती. तिच्यासाठीच तर तिनं प्रवेश घेतला होता.

मॅडमचं बोट तिच्या कानामागून पुढे येऊ लागलं. हेमांगी वाट बघत राहिली. बाकांवरची कुजबुज हळूहळू थांबली.

"मॅडम, सुरू करा ना," ती म्हणाली.

"दुसऱ्यांदा करतेय," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "अंधार पडल्यावर अडखळता का हो तुम्ही?"

हेमांगीला नडगीवरचे काळेनिळे डाग आठवले. घरातले वेंधळी म्हणून हसायचे, तीही हसायची. तात्यामामाही तरुणपणी असेच धडपडायचे. आता ते पांढऱ्या काठीशिवाय उंबरा ओलांडत नव्हते.

"सोमवारीच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एकट्या जाऊ नका."

दुपारी ब्रेलचा तास होता. बाकीचे शिक्षक कागद उजेडाकडे धरून ठिपके डोळ्यांनीच वाचत होते. हेमांगीनं डोळे मिटले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिला एकही अक्षर लागेना. तरी तिनं बोट उचललं नाही.