मान सरळ

"परत वळलास! मान सरळ ठेव म्हणून किती बोंबलू?"

शर्यतीच्या बोटीत आम्ही दोघंही पुढच्या दिशेला पाठ करून वल्हवतो. माझ्यासमोर शार्दूलची पाठ. वळून पुढचं बघायचं काम माझं. पण हा पठ्ठ्या सारखा माझ्याकडेच वळून हसतो आणि बोट डुलायला लागते.

"तू आहेस ना ते बघत होतो," म्हणे. मी काय मधेच उतरून घरी जाणार होते?

शेवटी दम दिला. "फायनलला एकदा जरी माझ्याकडे बघितलंस, तर पुन्हा तुझ्याबरोबर बसणार नाही."

फायनलला तो खरंच वळला नाही. आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. अंतिम रेषा जवळ आली, तरी समोर नुसती ती घामेजलेली पाठ. एवढं काय मनावर घ्यायचं? आता वळेल, मग वळेल, म्हणून मी त्या पाठीकडेच बघत राहिले, माझं वल्हं पाण्यात अडकलं आणि बोट उलटली.

मी खोकत डोकं वर काढलं. शार्दूल समोरच बोटीला धरून तरंगत होता, डोळे घट्ट मिटून.

"फायनल संपली का?" त्यानं विचारलं.

"संपली! बघ आता, गाढवा!"